दुधातले दोन चमचे

४ मार्च
आज हिला पहिलं इंजेक्शन. पोटावर, दर मंगळवारी. औषध अजून बाजारात नाही, चाचणी चालू आहे. जगाला रक्त पुरत नाही, आमच्याकडे उतू जातं! दाट होतं, म्हणून महिन्याला पिशवीभर काढून टाकायचं. बारा वर्षं हेच. औषध लागू पडलं तर पिशवी सुटेल. दाटपणाचा आकडा पंचेचाळीसच्या आत हवा, नाहीतर चाचणीतून नाव कमी.

१२ मार्च
हिचा रिपोर्ट वाचला. लोह — खाली जाणारा बाण. इतकं रक्त काढल्यावर दुसरं काय होणार! शिवणयंत्रावरच पेंगते बिचारी. चष्म्याचं दुकान बंद करून येताना लोहाचं टॉनिक आणलं. हिला औषधांचा वीट आलाय, सांगितलं तर घेणार नाही. सकाळचं दूध मीच देतो. दोन चमचे, वर कोको.

८ एप्रिल
त्रेचाळीस! पिशवी नाही. अंघोळीनंतरची खाज गेली म्हणते. कात्री धरताना बोटं जळत नाहीत. आज कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती.

१५ एप्रिल
बाटली संपली. दुसरी आणली.

६ मे
सत्तेचाळीस. पुन्हा पिशवी. दोन आठवड्यांनी असंच आलं तर नाव कमी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टरने विचारलं, घरी लोहाचं काही चालू आहे का? ही म्हणाली, छे. हे औषध लोहालाच अडवून धरतं म्हणे, म्हणजे रक्त वाढत नाही. तो बाण खालीच हवा होता! करायला गेलो एक, झालं भलतंच. मी खिडकीबाहेर बघत बसलो. स्वतःची लाज वाटते.

७ मे
बाटली मोरीत ओतली. गप्प बसलो तर आकडा आपोआप उतरेल, कुणाला कळणार नाही. पण नाही उतरला तर? हिचं नाव जाईल, आणि ठपका औषधावर. दवाखान्याच्या बाकावर आणखी वीसजण त्याच्या आशेवर बसलेत.

८ मे
सांगितलं. हिने शिवण खाली ठेवली. किती दिवस, विचारलं. आठ आठवडे, म्हणालो.
"एकदा मला विचारायचं होतं हो."
एवढंच. मग स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नाव राहील की नाही, ते वरचे ठरवणार.

२० मे
चव्वेचाळीस. नाव राहिलं!

२१ मे
सकाळी दूध तापवायला गेलो. पातेलं धुऊन पालथं घातलं होतं. हिने आपलं आपण घेतलं होतं.