अर्धवट अपडेट

प्रिय दादा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. त्या मंगळवारी सव्वाअकराला तू आपल्या पाट्यांच्या कारखान्यातून मला फोन केलास. गिऱ्हाइकाची फाइल उघडत नव्हती.
२. मी मीटिंगला निघाले होते. प्रोग्रामांची यादी ताजी कर आणि फक्त चित्रांचा प्रोग्राम नवा घाल, असं मी सांगितलं.
३. तू तेवढंच केलंस.
४. दुपारी अक्षरं कापणारं मशीन कॉम्प्युटरला सापडेना. शाळेच्या पाट्या अडकल्या.
५. दादाने काहीतरी भलतंच दाबलं असणार, असं मी बाबांना म्हणाले.

पाचवं खोटं आहे.

आपला कॉम्प्युटर चालवायला मी त्यावर रोलिंग पद्धतीचं लिनक्स घातलं तेव्हा तू पुढची आवृत्ती कधी, असं विचारलं होतंस. आवृत्त्या नसतातच, छोटे बदल सारखे येत राहतात, असं मी सांगितलं. म्हणजे बाईसाहेब, तुमच्या घराचं रंगकाम कधी संपायचंच नाही, म्हणून तू मला चिडवलंस. पण दर शुक्रवारी मशीन मोकळं झालं की तू नव्या बदलांच्या सूचना वाचायचास, चालू स्थितीची प्रत ठेवायचास आणि मगच सगळं एकदम अपडेट करायचास. दोन वर्षांत एकदाही अडलं नाही. या पद्धतीत सगळे प्रोग्राम बरोबरच पुढे सरकतात. एकटाच नवा घातला की तो सगळ्यांनी मिळून वापरायचे सामायिक भाग नवे आणतो आणि मागे राहिलेल्यांना ते जमत नाहीत. म्हणून एकटा प्रोग्राम कधी घालायचा नाही. हा नियम मीच भिंतीवर चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी मी तुझी शुक्रवारची प्रत परत लावली, सगळं एकत्र अपडेट केलं, मशीन चालू झालं. कॉम्प्युटरच्या नोंदीत तू टाइप केलेली आज्ञा होती, मी फोनवर सांगितलेली, शब्दन् शब्द तीच. पण नोंद बघायची मला गरज नव्हती. तुझे हात स्क्रू पिळायलाच बरे, असं बाबा तुला बोलले तेव्हाही मला सगळं आठवत होतं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मामाच्या गोदामात कामाला निघून गेलास. तीन आठवडे झाले, माझा फोन घेत नाहीस.

आज मी बाबांना खरं सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. मग म्हणाले, विचार त्याला, येतो का. तू आला नाहीस तर सोमवारी ते मशीनवर बाहेरचा माणूस ठेवणार आहेत. ते काम तुझं आहे. मन राखायला म्हणत नाही. तू शुक्रवार चुकवत नाहीस, मी चुकवते. येणार की नाही, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव. नाही असेल तरी कळव.

तुझीच,
धाकटी