तेलाची तार

अण्णा,

काल प्रयोगशाळेत वंगणाचा नवा नमुना आला आणि मला महाडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. आई चुलीवर लाडवांचा पाक करत होती. शेजारच्या शेगडीवर तुम्ही चालवत होतात त्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचं इंजिन-तेल तापवून त्यात मुंबईहून आणवलेलं कच्चं रबर विरघळवत होतात. आंबेनळी घाट चढताना तेल तापून पातळ व्हायचं, बेअरिंग वाजायचं. पुन्हा घाटात अडलात तर दुसरा ड्रायव्हर बघतो, असं मालकानं बजावलं होतं. आईनं पाकाचा थेंब चिमटीत धरला, तसाच तुम्ही तेलाचा धरलात आणि बोटं फाकवलीत. गरम असूनही लांब तार निघाली. आई म्हणाली, "अवो, पाक हाय काय तो? तारेवर लाडू वळतात, मोटार नाय चढत." तुम्ही हसून ते तेल मोटारीसाठी डब्यात भरलंत. मीही तुमच्याच बाजूची, कारण तार खरंच सुंदर होती.

दुसऱ्या दिवशी पोलादपूर सोडून मोटार घाटाला लागते, मी तुमच्या मागच्या बाकावर बसले आहे. निम्म्या चढावर बेअरिंग खडखडतं, वितळतं आणि मोटार उभीच राहते. उतारू बडबडत खाली चालू लागतात. तुम्ही स्वतःची बोटं बघत म्हणता, "हातच फसवा हाय माझा." नोकरी गेली. पुढे भाताच्या गिरणीत लागलात, पण कुणी इंजिनाचं तेल कसं झालंय विचारलं की म्हणायचात, दुसऱ्याला दाखवा. मला तुमचा फार राग यायचा.

आता ठासून सांगते, हात फसवा नव्हता. रबराचे लांबलचक रेणू तेलात शेवयांसारखे गुंतून राहतात, म्हणून ते तापूनही दाट राहतं. आज कारखाने मुद्दाम असंच काही घालतात. फक्त बेअरिंगच्या फटीत प्रचंड दाब आणि वेग एकदम येतात. तिथे ते रेणू ताणले जाऊन आडवे पडतात, काही तुटतात, आणि चिमटीतला दाटपणा नेमका तिथेच उरत नाही. बोटांना तेवढा दाब देताच येत नाही, अण्णा. तुमचं निम्मं बरोबर होतं, आणि उरलेलं निम्मं शोधणं हीच आता माझी नोकरी आहे.

तुम्ही गेलात, त्यामुळे हे पत्र टाकायचं नाहीये, तुमच्याशी भांडायला लिहिलं. एक मात्र कबूल करते. एवढी यंत्रं हाताशी असूनही नवा नमुना मी आधी चिमटीत धरते. काल तार इतकी लांब निघाली की तुम्हाला दाखवायला मी मागे वळले.