सगळे दात जागेवर

ति. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (वाकायला अजून मनाई आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुझे गुडघे, भाऊजींचा रक्तदाब आणि तुमच्या कुत्र्याची खरूज, सगळं आटोक्यात असेल अशी आशा करते.

माझं विचारशील तर गर्भपिशवीतला मस दुर्बिणीतून काढला, हे फोनवर कळवलंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किरकोळ काम, संध्याकाळी घरी. (दुसऱ्याच्या पोटातलं काम नेहमी किरकोळच असतं.) भूल तेवढ्या भागापुरतीच होती, त्यामुळे समोरच्या पडद्यावर मी स्वतःला आतून पाहिलं. ताई, इतकी वर्षं शिवणकाम करतेय, शेकडो लोकांची मापं घेतली, पण असं काही पाहिलं नाही! गुलाबी, शांत, मुठीएवढीसुद्धा नाही अशी खोली. त्यात आमचा दांडगोबा नऊ महिने राहून, लाथा झाडून गेला? कापड एवढं ताणलं तर चिंध्या होतात; इथे कुठे विरलेलंसुद्धा दिसेना. मी चक्क हात जोडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, दुखतंय.

घरी मात्र दाढ काढून घेतली असं सांगितलंय. यांनासुद्धा. (सासऱ्यांसमोर गर्भपिशवी हा शब्द काढायचा कसा? आणि यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.) मग काय, कळा ओटीपोटात आणि गरम पाण्याची पिशवी गालाला! रक्त थांबेना, मी कंबर धरून भिंतीच्या आधाराने चालतेय, आणि सासरे येईल त्याला सांगतात की अक्कलदाढेचं दुखणं थेट कंबरेत उतरतं. काल सासूबाई बॅटरी घेऊन आल्या. म्हणाल्या, “आ कर.” केला. वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, पुन्हा वरची. सगळे दात जागेवर! त्यांनी बॅटरी विझवली, दार लोटलं, पिशवी माझ्या गालावरून उचलून ओटीपोटावर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “माझ्या वेळी मी कान दुखतो म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांनी थेंब घालून घालून मला बहिरी करायचीच बाकी ठेवली होती.” ज्या बाईला लग्नापासून टरकून होते, तिला मी सरकून शेजारी बसायला जागा करून दिली. एवढं सगळं ही बाई एकटीने पोटात ठेवून वावरली, ताई!

बाकी क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. गुरुवारी पुन्हा दाखवायला जायचंय. सासूबाई सोबत येतायत (त्यांचीही दाढ आजपासून दुखू लागली आहे). तेव्हा तू येऊन तेवढा वेळ घर सांभाळ.

पुन्हा ता. क. वरचं खोडलं असं समज. काढलेला मस तपासायला पाठवलाय, त्याचं गुरुवारी सांगतील. डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडं रक्त काही दिवस जातंच, आणि बहुतेक वाईट काही निघत नाही. त्या ‘बहुतेक’ने माझी झोप उडवली आहे. मला फार भीती वाटते गं. स्वयंपाक पुरुष करतील, उपाशी मरणार नाहीत. तू दवाखान्यातच ये. एका बाजूला सासूबाई बसतील. दुसऱ्या बाजूला तू हवीस.