पहिलं पोतं

मंगळवार, संध्याकाळ

तात्यांचा तो शब्द डोक्यातनं जात नाही. गोदामात आज रोबोट सुरू झाले. पोती तेच उचलणार, तेच मोजणार. आमचे जुने हमाल तात्या पहिल्या पोत्याला कधी ‘एक’ म्हणाले नाहीत. लाभ, मग दोन, तीन. रोबोटच्या पडद्यावर नुसता एक उमटला, तसे म्हणाले, “सायब, त्याला लाभ म्हणाय शिकवा की. सुरवात बरी न्हाय ही.”

सगळे हसले. मीही. का हसलो? उद्यापासून येऊ नका, हे त्यांना मलाच सांगायचं होतं. सांगितलं.

“बरं,” एवढंच म्हणाले. जाता जाता रोबोटनं रचलेल्या पहिल्या पोत्यावर हात ठेवला आणि त्याच्या वतीनं हळूच म्हणाले, “लाभ.”