यंदा हलकी शेगडी

अहो,

उभ्या जन्मात तुम्हाला नावाने हाक मारली नाही, आता पत्रात तरी काय मारणार! लिहायचं कारण साधं आहे. आज पंडरीच्या बाजारात जाऊन कॅम्पची शेगडी घेऊन आले. एवढी खरेदी केली आणि घरी वाद घालायला कोणीच नाही.

तुमचं वर्षश्राद्ध झालं. माझ्यासाठी वर्षभर थांबलेली आपली कॅम्पची मंडळी आता धरणाकाठी तंबू ठोकायला निघाली आहेत. मीही जाते आहे. हे ठरवायला फार दिवस लागले हो. आपली मंजू फोनवर रडलीच. "आई, पापा के बिना कैसे जाओगी?" मी मराठीत समजावते, ती हिंदीत रडते. लेकीला मराठी बोलायला लावायचं काम तुमचं होतं, विसरलात ना?

दुकानदाराने दोन शेगड्या काढल्या. एक आपल्या जुन्या शेगडीसारखी, छोटा सिलेंडर आणि त्याच्या डोक्यावर बर्नर. दुसरी चपटी, पेटीतली. तिला पावडरच्या डब्याएवढं गॅसचं नळकांडं लागतं.

"दीदी, बनाना क्या है?" त्याने विचारलं.

"रोडगे."

"मतलब?"

"बाटी समझ लो, भैया."

"हव, बाटी! पर वो तो कंडे पे बनेगी ना!"

मला हसू आवरेना. त्या एका कॅम्पला जंगलातल्या गार्डने गोवऱ्या पेटवू दिल्या नाहीत, तेव्हा तुम्ही काय केलं होतं? गॅसवर जाळी ठेवून रोडगे भाजले! वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. वर प्रत्येकाच्या पानाशी जाऊन "जमले ना?" म्हणून विचारत होतात. वांग्याच्या भाजीत बुडवून सगळ्यांनी मुकाट्याने गिळले. तुम्हाला नाही म्हणायची कोणाची टाप होती?

पेटीतल्या शेगडीला तुम्ही खेळणं म्हणायचात. जरा वारा आला की हिची ज्योत लपलप करते, दाल शिजता शिजत नाही, हे सगळं मला पाठ आहे. म्हणून मी आधी सिलेंडरवालीच घेणार होते. वजन बघायला ती उचलली आणि तशीच खाली ठेवली.

गाडीपासून काठापर्यंतचा तो उतार आठवला. मागच्या खेपेला तुम्ही सिलेंडर खांद्यावर घेतलात. कुळकर्णी भाऊजी हात पुढे करत होते, त्यांनाही दिला नाहीत. खाली पोचल्यावर दगडावर टेकलात, कपाळावर घाम. त्या थंडीत घाम! मी पाणी दिलं आणि विचारलं, तर माझ्यावरच डाफरलात. "मले काय झालं? उगाच काहून घाबरून राहिली?"

त्याच महिन्यात तुम्ही गेलात. नंतर डॉक्टर म्हणाले, हे हृदयाचं दुखणं आधीपासून असणार. तुमच्या कपाटात ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. कोणापासून लपवत होतात? माझ्यापासून? मी काय कॅम्प बंद केला असता? हो, केला असता! आणि तुम्ही आज इथे बसून माझ्याशी शेगडीवरून भांडत असतात.

मला तुमचा राग येतो. श्राद्धाच्या दिवशीही आला. पानात तुमच्या आवडीची भाजी वाढली, ती पळी आपटूनच.

तर मी ते खेळणंच घेतलं. माझ्या एका हाताला पेलतं. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्र्याची घडीची भिंत मिळाली, तीही घेतली. दाल उशिरा शिजेल. शिजू दे.

एक वचन देते. मंजूलाही हेच दिलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली. त्या उतारावर मला दम लागला, छातीत बारीकशी कळ जरी आली, तर मी तिथेच बसेन आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगेन, "मले दुखून राहिलं!" हातातलं सामान ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं.

तुमचीच,
सुधा