भावाच्या लेकीचं खुरपं

प्रिय आत्या,

आज तुझा आवाज ऐकला, म्हणून लिहायला बसले. अवसरीला तुझ्या ओसरीवर मी मुलाखत रेकॉर्ड केली होती ना, उभ्यानं चालवायच्या माझ्या खुरप्याबद्दलची? तू गेल्यावर ती ऐकायचं धाडसच होत नव्हतं. पण येत्या आठवड्यात त्याच्या दांड्याचा साचा पक्का व्हायचाय, आणि आमच्या सरांना तुझं वाक्य अहवालाच्या पहिल्याच पानावर हवंय: "लई भारी झालंय!"

माझं काम तुला कधी कळलंच नाही. "डिझाइन म्हंजे नक्षीच ना गं?" असं विचारायचीस. आता मी लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करते म्हटलं असतं, तर पदर तोंडाला लावून हसली असतीस! पण खरंच करतात गं. माणूस काय म्हणालं, एवढ्यावर थांबायचं नाही. कुणासमोर म्हणालं? कशानंतर? मग विषय कुठे वळवला?

तसं ऐकायला लागले आणि तुझी धाकटी जाऊ, शांतामामी, ऐकू आली. तेव्हा ती शेजारी लसूण सोलत बसली होती. ती विचारते, "आक्का, हात न्हाई का भरून येत त्यानं?" आधी तू खाकरतेस. मग एकदम, "कशाला यील? माझ्या भावाच्या लेकीनं केलंय ते!" आणि लगेच मला, "च्यात साखर कमी पडली का गं?"

अगं आत्या! माहेरहून आलेला आंबट आंबासुद्धा तू जावेसमोर गोड म्हणून खायचीस. मग माझं खुरपं कसं वाईट असेल? आणि मी मात्र घरचं माणूस मोकळं बोलेल म्हणून तुझ्याकडेच आले होते.

शांतामामीला फोन लावला. आधी तीही "चांगलंय की" म्हणाली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, "आक्का कांदं खुरपाया जुनंच न्यायच्या बघ. तुझं ओसरीवर उभं असायचं. आल्यागेल्याला दाखवायच्या."

हसू आलं, मग रडूही आलं. मला एकटीला तरी सांगायचंस! की त्या साखरेच्या प्रश्नातच सांगून टाकलं होतंस? कसं कळायचं आता?

साचा थांबवायला सांगितलाय. सर चिडलेत. तुझं वाक्य अहवालातून काढलं; ते मी माझ्याजवळ ठेवणार आहे.

आता शब्द देते. नवा दांडा करून आधी शिनोलीला नेईन, जिथे मी कुणाचीच कुणी नाही. बायकांच्या ओळीत राहून त्यानं स्वतः खुरपीन, मगच विचारीन. आणि शेवटी ते खुरपं शांतामामीच्या हातात देईन. तिनं माझ्या तोंडावर खुशाल नावं ठेवावीत, पण ते रानात न्यावं.

तुझ्या भावाची लेक,
मनीषा