चुन्याच्या रेघा

बाबा, काल टीव्हीवर रग्बीची कुठली तरी मोठी स्पर्धा लागली होती. नातू खेळाडू बघत होता आणि मी मैदानावरच्या पांढऱ्या रेघा. घरात कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

संपाचं दुसरं वर्ष होतं. गिरणीत सुताला कांजी चढवण्यात अठरा वर्षं काढलेले तुम्ही, टाउनातल्या एका क्लबाच्या मैदानावर रेघा मारायला लागला होतात. परदेशातले संघ येणार होते, तीन दिवस सामने. "नारळासारखो बॉल, नि पुढे जावक मागे फेकतत," असं आईला सांगताना तुम्ही हसलात. संपानंतरचं तुमचं तेवढंच हसू मला आठवतं. पहिल्याच दिवशी पिंपात चुना रटरटत होता आणि दाटपणा बघायला तुम्ही त्यात बोटं घातलीत, कांजीत घालायचात तशी. मुकादम ओरडला तर म्हणालात, "माका कांजी कळता, चुनो काय वेगळो?" बोटांची सालं निघाली. आई त्यांना खोबरेल लावतेय, दुसऱ्या हातानं तुम्ही पुडकं सोडताय. खेळाडूंच्या जेवणातलं उरलेलं मटण, पाव. आम्ही भावंडं त्यावर तुटून पडतोय. तुमच्या बोटांकडे कोणी बघत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीत माणसं कामाला लावणारे तुमचे जॉबर खोलीवर आले. मी सोळा वर्षांची, घरात एकटीच. म्हणाले, "बापाशीक सांग, उद्या सकाळी गेटार येऊन नाव दी म्हणान. जुन्या माणसांका आत घेतत. परवा गेट बंद."

उद्या शेवटचा सामना होता. शेवटच्या दिवशी सगळ्यात जास्त जेवण उरतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. संध्याकाळी तुम्ही रोजच्यासारखं विचारलंत, "गिरणीतून कोण इल्लो काय?" मी नाही म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, मी उगाच कंदिलाची काच पुसत बसले. जॉबर त्याच आठवड्यात गावी गेले ते परतले नाहीत. तुम्ही गेटवर गेला असतात की संपाशी इमान राखलं असतंत, मला माहीत नाही. पण ते तुम्ही ठरवायचं होतं, मी नाही.

पुढे कॉटन ग्रीनच्या गोदामावर वॉचमन म्हणून उभे राहून तुम्ही संपलात. शेवटपर्यंत म्हणत होतात, "माका कोणी बोलवूकच नाय." हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, पाठवायचा तरी कुठे.

बोलावलं होतं, बाबा. आणि त्या शेवटच्या दिवशी तुम्ही आणलेलं मटण मी बोटं चाटून खाल्लं.